आरोप काय, ते आधी सांगा

मागचे काही भाग आपण लढाया आणि किल्ल्यांविषयी बोललो. आजचा विषय फौजेचा नाही, फौजदारीचा आहे. माणसाला गुन्हेगार ठरवण्याची आपली व्यवस्था कशी चालते, ती अशी का झाली, आणि ती बंद पडते तेव्हा काय होते, याबद्दल आज बोलू. मी वकील नाही, निवृत्त सैनिक आहे. कायद्याची कलमे पाठ म्हणून दाखवण्याचा माझा इरादाही नाही. पण या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

६ डिसेंबर २०१९, शुक्रवार. सकाळी टीव्हीवर बातमी आली. हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य मुलीवर अत्याचार करून तिला मारल्याचा आरोप असलेले चौघे पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले होते. त्या मुलीची हकीकत ऐकून आठवडाभर सगळा देश जळत होता. आमच्या चामराजपेटेत शेजारच्या घरातून पेढे आले. हे शेजारी मूळचे बेळगावचे, आमचा घरोबा आहे. मी पेढा घेतला आणि खाल्ला. "बरं झालं, एकदाचा निकाल लागला," असेही म्हणालो.

पेढे घेऊन आलेली त्यांची मुलगी तेव्हा लॉच्या पहिल्या वर्षाला होती. ती म्हणाली, "काका, कोर्टानं त्यांच्यावर काय आरोप ठेवला होता?"

मी म्हणालो, "अगं, सगळ्या देशाला माहीत आहे."

"देशाला नाही, कोर्टाला. आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नव्हतं. ते चौघं तेच होते, हे कोणी तपासून पाहिलं?"

मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे वर्दीत काढलेल्या माणसाला तो प्रश्न सुचायला हवा होता, कारण फौजेत पहिल्या वर्षी जे शिकवतात तेच ती विचारत होती. त्या पेढ्याचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

फौज आणि फौजदारी

आधी शब्दाकडे पाहू. मोगलांच्या राज्यात फौजदार हा शिबंदी बाळगून असलेला अंमलदार होता. मुलखाचा बंदोबस्त ठेवणे, बंडखोर आणि दरोडेखोर पकडणे हे त्याचे काम. महाराष्ट्रात आजही पोलीस सब-इन्स्पेक्टरला लोक फौजदार म्हणतात, आणि गुन्ह्याच्या खटल्याला फौजदारी खटला. म्हणजे ज्याच्या हाती तलवार, त्याच्याच हाती शिक्षा, अशा काळाची आठवण या शब्दात राहून गेली आहे.

फौजदारी न्यायाचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर तो हे दोन हात वेगळे करण्याचा इतिहास आहे. जो पकडतो त्याने ठरवायचे नाही, आणि जो ठरवतो त्याने पकडायचे नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगायला रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव पुरेसे आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ठपका आला तो गादीवर बसलेल्या रघुनाथरावांवर, म्हणजे शास्त्रीबुवांच्या धन्यावरच. शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. शिक्षा अमलात आली नाही. तरीही अडीचशे वर्षे आपण ते नाव घेतो, कारण सत्ताधाऱ्यालाही 'तुझ्यावर हा आरोप आहे' असे सांगणारा कोणीतरी लागतो, हे आपल्याला आतून पटलेले आहे.

पण एका माणसाच्या धैर्यावर व्यवस्था चालत नाही, तिला नियम लागतात. १८६० साली भारतीय दंड संहिता आली, १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेचा कायदा, १८७२ मध्ये पुराव्याचा. कायदे इंग्रजांनी त्यांच्या सोयीसाठी केले हे खरेच. पण त्यात एक नियम असा आहे की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांना आपल्याच पोलिसांवर भरवसा का नव्हता? १८५५ साली मद्रास इलाख्यात पोलीस आणि महसूल खात्याकडून होणाऱ्या छळाची चौकशी झाली होती. मारून वदवून घेणे ही नित्याची बाब असल्याचे त्यात सरकारच्याच कागदावर आले. मारल्यावर माणूस काहीही कबूल करतो. १ जुलै २०२४ पासून तिन्ही जुने कायदे जाऊन न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले, कलमांचे आकडे बदलले, खुनाचे ३०२ आता १०३ झाले. हा नियम मात्र तसाच राहिला.

सात चौक्या

आता व्यवस्था कशी चालते ते पाहू. छावणीत शिरताना जशा एकामागून एक चौक्या लागतात आणि प्रत्येक चौकीवर वेगळा संत्री वेगळा प्रश्न विचारतो, तशी कल्पना करा.

पहिली चौकी एफआयआरची. गुन्हा दखलपात्र असेल तर पोलिसांनी खबर लिहून घेतलीच पाहिजे. कुठल्याही ठाण्यात दिली तरी घेतली पाहिजे, हद्द नंतर पाहायची. प्रश्न असा, काय घडले आणि कोण सांगतो?

दुसरी चौकी अटकेची. राज्यघटनेचे २२वे कलम सांगते की अटकेचे कारण त्या माणसाला सांगायचे, वकिलाला भेटू द्यायचे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. चोवीसच तास का? कारण छळ व्हायचा तर तो सहसा पहिल्या काही तासांत होतो, आणि तेव्हाच माणूस एका परक्या, पोलीस नसलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडावा लागतो.

तिसरी चौकी कोठडीची. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत, तीही न्यायालयाने दिली तरच. बाकी काळ न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. तपास संपून आरोपपत्र आले नाही तर ६० दिवसांनी, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांनी, आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. वर्तमानपत्रात 'तांत्रिक कारणावरून सुटला' असे आपण वाचतो आणि चिडतो. ते कारण तांत्रिक नसते. तुम्ही माणूस आत ठेवला आहे, तर काम उरका, असे कायदा पोलिसांना सांगत असतो.

चौथी चौकी आरोपपत्राची. पोलीस आपले म्हणणे, साक्षीदारांची यादी, पंचनामे, तज्ज्ञांचे अहवाल असे सगळे न्यायालयात देतात. त्याची प्रत आरोपीला मिळते. आपल्याविरुद्ध काय काय आहे हे त्याला कळलेच पाहिजे.

पाचवी चौकी आरोपनिश्चितीची. पोलिसांनी म्हटले म्हणून खटला चालत नाही. न्यायाधीश कागद पाहतात, आणि खटला चालवण्याजोगे काही असेल तरच आरोप ठेवून आरोपीला विचारतात, गुन्हा कबूल आहे का? काही नसेल तर इथेच सोडतात.

सहावी चौकी पुराव्याची, आणि खरी लढाई इथे होते. सरकारी वकील साक्षीदार आणतो, त्यांची सरतपासणी करतो. मग बचावाचा वकील उलटतपासणी घेतो. सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. आरोपीने गप्प बसायचे ठरवले तर ते त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. रास्त शंका उरली तर तिचा फायदा त्याला.

सातवी चौकी निकालाची, आणि तिच्यापुढे अपील. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. सगळ्यात शेवटी दयेचा अर्ज.

सहाव्या चौकीचा अर्थ मला पुस्तकातून नाही, एका जवानामुळे कळला. मी तरुण कॅप्टन होतो. आमच्या एका जवानावर स्टोअरमधली ब्लँकेटे चोरल्याचा आरोप आला, कोर्ट मार्शल बसले आणि त्याचा बचाव करायचे काम माझ्या गळ्यात पडले. चोरी त्यानेच केली याबद्दल युनिटमध्ये कोणाला शंका नव्हती. खरे सांगायचे तर मलाही नव्हती. स्टोअरच्या नोंदवहीत त्याच्या ड्यूटीच्या दिवशी घट दिसत होती. हुकूम होता म्हणून मी वही घेऊन बसलो. तीन पाने एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखी वाटली. उलटतपासणीत साक्षीदाराला एवढेच विचारले, "ही नोंद त्याच दिवशी केली का?" तो घुटमळला आणि म्हणाला, "दोन दिवसांनी, साहेब. आठवून लिहिली." मग घट कोणत्या दिवशी झाली हे कोणालाच सांगता येईना. जवान सुटला.

त्याने ब्लँकेटे घेतली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी मला कळले की 'सगळ्यांना माहीत आहे' आणि 'सिद्ध झाले आहे' यांत एका नोंदवहीचे अंतर असते.

बंगळूरचा जुना तुरुंग

या सात चौक्या नसतील तर काय होते? आमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर फ्रीडम पार्क आहे. आज शहरातली आंदोलने, धरणी तिथे होतात. पूर्वी तिथे सेंट्रल जेल होता. तुरुंग परप्पन अग्रहारला हलला, जुन्या जागेचे उद्यान झाले, पण टेहळणीचा मनोरा आणि काही बराकी राखून ठेवल्या आहेत. मी नातवंडांना तिथे नेतो, ती बराकींतून लपंडाव खेळतात.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी काही खासदार त्या वेळी बंगळूरला आले होते. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, त्यांच्यापैकी चौघांना अटक झाली. त्यांत अटलबिहारी वाजपेयी होते, लालकृष्ण अडवाणी होते, श्यामनंदन मिश्र होते आणि आपले मधू दंडवते होते. राजापूरचे खासदार, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेले प्राध्यापक. त्यांच्या पत्नी प्रमिलाताईही पुढे येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. नवरा बंगळूरला, बायको पुण्याला आणि मधे पत्रे.

आता आपल्या चौक्या आठवा. एफआयआर? नाही. आरोप? नाही. आरोपपत्र, साक्षीदार, उलटतपासणी? काहीच नाही. ही अटक मिसाखाली होती, म्हणजे १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली. हा कायदा गुन्ह्याची शिक्षा देण्यासाठी नव्हताच. पुढे काही करशील म्हणून आधीच कोंडून ठेवतो, असे म्हणणारा तो स्थानबद्धतेचा कायदा. त्यातही मुळात कारणे सांगण्याची सोय होती. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ आणि २२ या कलमांखालच्या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. २९ जूनच्या वटहुकमाने मिसात दुरुस्ती झाली. आणीबाणीसाठी स्थानबद्धता आवश्यक आहे असे जाहीर केले की कारण सांगण्याचीही गरज उरली नाही.

विशेष म्हणजे नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला अमलात आली होती. तिने न्यायदंडाधिकारी प्रशासनापासून वेगळे करून उच्च न्यायालयाच्या हाताखाली आणले होते. पकडणारा आणि ठरवणारा वेगळे करण्याचे शंभर वर्षे रखडलेले काम तेव्हा कुठे पुरे झाले. त्यानंतर पंधरा महिन्यांच्या आत ही वेळ आली. चौक्या नव्या, पक्क्या होत्या. त्यांना वळसा घालून दुसरा रस्ताच काढला गेला.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत बाबू जागेवर सापडतो, हे मला आवडले होते. सैन्यात जायची स्वप्ने पाहणाऱ्या पोराला शिस्त आवडणारच. शिस्त आणि धाक यांतला फरक मला फौजेत गेल्यावर समजला.

कसा, ते सांगतो. सैनिक वर्दी चढवतो तेव्हा काही हक्क खाली ठेवतो. घटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला तसा अधिकारच दिला आहे. तरीही १९५० चा आर्मी अॅक्ट काय म्हणतो? जवानाला कैदेत घेतले तर ४८ तासांत कमांडिंग ऑफिसरने आरोपाची चौकशी सुरू करायची. कोर्ट मार्शल न बसवता आठ दिवसांपेक्षा जास्त कैदेत ठेवले तर दर आठ दिवसांनी वर लेखी कारण द्यायचे. आरोप जवानासमोर वाचायचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी त्याला द्यायची. मोठ्या कोर्ट मार्शलआधी, शांततेच्या काळात, त्याला तयारीसाठी किमान ९६ तास मिळतात. निकालाच्या वेळी सर्वांत कनिष्ठ अधिकारी आधी आपले मत देतो, म्हणजे वरिष्ठाचे ऐकून त्याचे मत बदलायला नको. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण बंदूकधारी शिपायालाही जे विचारता येत होते, 'साहेब, माझ्यावर आरोप काय?', ते १९७५ साली दंडवत्यांसारख्या खासदाराला विचारता येत नव्हते.

स्नेहलता रेड्डी

खासदारांची नावे तरी इतिहासात राहतात. त्याच तुरुंगातली एक कमी माहीत असलेली गोष्ट सांगतो. स्नेहलता रेड्डी या बंगळूरच्या रंगभूमीवरच्या कलावंत, १९७० च्या गाजलेल्या 'संस्कार' या कन्नड चित्रपटातल्या अभिनेत्री. जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी या कुटुंबाची मैत्री. मे १९७६ मध्ये, पुढे बडोदा डायनामाइट खटला म्हणून गाजलेल्या प्रकरणाच्या तपासात, स्नेहलतांना अटक झाली.

इथे मुद्दाम थांबू या. हे प्रकरण रीतसर फौजदारी होते. गुन्हा नोंदलेला, तपास चाललेला. यथावकाश आरोपपत्र दाखल झाले. त्यात स्नेहलतांचे नाव नव्हते. म्हणजे चौथ्या चौकीवर व्यवस्थेने आपले काम चोख केले होते. पोलिसांनाच त्यांच्याविरुद्ध न्यायालयात सांगण्यासारखे काही मिळाले नव्हते. नेहमीच्या कायद्याने त्या त्या दिवशी घरी यायला हव्या होत्या.

पण त्या मिसाखाली तुरुंगातच राहिल्या. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. तुरुंगात तो बळावत गेला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना पॅरोलवर सोडले, आणि २० जानेवारीला त्यांचे निधन झाले. शिक्षा झालेली नव्हती, खटला नव्हता, आरोपसुद्धा नव्हता. त्यांनी तुरुंगात लिहिलेली दैनंदिनी नंतर प्रसिद्ध झाली.

नातवंडे बराकीत लपंडाव खेळतात तेव्हा मला हे आठवते. त्यांना अजून सांगितलेले नाही. थोडी मोठी झाली की सांगेन.

अठरा कचेरीतून दिल्लीपर्यंत

बंगळूरला विधानसौधासमोर लाल रंगाची एक देखणी इमारत आहे, अट्टार कचेरी. सरकारची अठरा खाती तिथे होती म्हणून ते नाव. आज तिथे कर्नाटक उच्च न्यायालय भरते. १९७५ साली कैदेतल्या नेत्यांचे अर्ज या न्यायालयात आले. अर्ज हेबियस कॉर्पसचे, म्हणजे 'ज्याला धरून ठेवले आहे तो माणूस आमच्यासमोर आणा आणि कशासाठी धरला ते सांगा'. सरकारचे म्हणणे, आणीबाणीत असा अर्जच करता येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते मानले नाही. अर्ज ऐकता येतो, असे म्हणणाऱ्या देशातल्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अॅटर्नी जनरल होते निरेन डे. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी त्यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तर त्यावर दाद मागता येईल का? डे यांनी कबूल केले की आपल्या युक्तिवादाप्रमाणे आणीबाणी असेपर्यंत तशी दाद नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. पाचपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात गेले. माणसाचा जीव आणि त्याचे स्वातंत्र्य ही घटनेने दिलेली खिरापत नव्हे, कायद्याच्या राज्यात ती आधीपासूनच असतात, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यांना दिले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. दोनशे वर्षांनी पुन्हा एक शास्त्रीबुवा घरी गेले, असे मला वाटते.

पण या वेळी गोष्ट तिथे संपली नाही. जनता सरकारने मिसा रद्द केला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ठरले की आणीबाणीतही २० आणि २१ या कलमांखालचे हक्क स्थगित करता येणार नाहीत. पुढे २०१२ मध्ये बंगळूरचेच एक निवृत्त न्यायमूर्ती, के. एस. पुट्टस्वामी, वयाच्या छ्याऐंशीच्या आसपास, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून खासगीपणाचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरवून पुसला गेला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचा निर्णय गंभीर चुकांचा होता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. या व्यवस्थेची मला वाटणारी खरी ताकद हीच आहे. ती चुकते. कधी भयंकर चुकते. पण चूक कागदावर, कारणांसकट, सहीनिशी लिहिलेली असते, म्हणून ती चाळीस वर्षांनी का होईना, दुरुस्त करता येते. गोळीने केलेली चूक दुरुस्त होत नाही.

मग उशिराचे काय?

तुम्ही विचाराल, कर्नलसाहेब, हे सगळे ठीक, पण खटले पंधरा-पंधरा वर्षे चालतात, साक्षीदार फितूर होतात, पैसेवाला सुटतो, त्याचे काय?

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. आपल्या तुरुंगांतल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. स्थानबद्धतेचे कायदेही मिसाबरोबर संपले नाहीत. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे, राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत. विधी आयोगाने १९८७ साली सुचवले होते की दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत. आजही आपल्याकडे त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. सात चौक्यांवर संत्रीच नसतील तर रांग लागणारच. पण रांग लागली म्हणून चौक्या पाडायच्या नसतात. संत्री वाढवायचे असतात, तपास करणाऱ्याला शास्त्र शिकवायचे असते, साक्षीदाराला संरक्षण द्यायचे असते. नव्या संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे असा नियम आला आहे. तो कागदावर न राहता प्रत्यक्षात आला, तर फितूर साक्षीदारावर अवलंबून राहणे बरेच कमी होईल.

आता त्या पेढ्याकडे येतो. हैदराबादच्या त्या गोळीबाराची चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयाने एक आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भाचे. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला. चौघांनी शस्त्रे हिसकावली, ही पोलिसांची हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा आयोगाचा निष्कर्ष. मारले गेलेल्यांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते, असेही त्यात होते. ते चौघे दोषी होते की नव्हते, हे कुठलेही न्यायालय आता सांगू शकत नाही. त्या दुर्दैवी मुलीलाही न्याय मिळाला असे मी म्हणू शकत नाही. तिच्या खुन्यांना शिक्षा झाली असे छातीठोकपणे म्हणायला आधी कोणीतरी, पुरावा पाहून, हेच ते खुनी, असे म्हणायला हवे होते. ते कोणी म्हटलेच नाही.

अहवाल वाचला त्या संध्याकाळी मी शेजारी गेलो. मुलगी आता वकिलीची शेवटची परीक्षा देत होती. म्हटले, "तुझा प्रश्न बरोबर होता. मी पेढा खायला नको होता."

ती हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एकटेच नाही, आम्हीच तर वाटले होते." तिच्या आईने चहा टाकला. त्यानंतर त्या घरात किंवा आमच्या घरात, कोणाला पोलिसांनी उडवले म्हणून पुन्हा पेढे वाटलेले मी पाहिले नाहीत.

मंडळी, तुमच्याही फोनवर अशा बातम्या येतात. 'आरोपीला भर चौकात फाशी द्या' म्हणून आपण अंगठा दाबून पुढे पाठवतो. पाठवण्याआधी एकदा थांबा आणि तो साधा प्रश्न विचारा, जो जवानाला विचारता येतो आणि १९७५ साली दंडवत्यांना विचारता आला नव्हता. आरोप काय? कोणी ठेवला? त्याला उत्तर द्यायची संधी दिली का? हा प्रश्न आज आपण अनोळखी माणसासाठी विचारला, तर उद्या आपल्यासाठी विचारणारे कोणीतरी उरेल.

बंगळूरला आलात तर लालबाग पाहा, टिपूचा महाल पाहा, पण फ्रीडम पार्कमध्येही अर्धा तास काढा आणि त्या मनोऱ्याखाली उभे राहा. पुढच्या भागात पुन्हा इतिहासाकडे, शहाजीराजांच्या बंगळूरकडे जाऊ. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.